जयवंतीचे हिरवे चंबू

जयवंती गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी सानपाड्याच्या घरी मेथी निवडत होते. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता ही बया कायमची माझ्या पुढे राहणार.

ती घणसोली गावातली. परीक्षेत मार्क नेहमी मला जास्त, पण हातगुण तिला. आमच्या प्रयोगशाळेत रुथेनियम या महागड्या धातूचे उत्प्रेरक घडवतात. दोन रेणू दुहेरी बंधापाशी तोडायचे आणि अर्ध्यांची अदलाबदल करून पुन्हा जोडायचे, हे त्यांचं काम. उत्प्रेरक जिवंत असतो तोवर हिरवा, मेला की तपकिरी. जितका चपळ, तितका अल्पायुषी, ही त्यातली खरी गोम. माझे सकाळी धावत सुटायचे आणि डबा खाऊन येईतो तपकिरी व्हायचे. तिचे संध्याकाळीही हिरवेगार... सर तिचा चंबू उजेडात धरून मला हाक मारायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

धातूला बिलगलेला अणूंचा एक गट सुटला की उत्प्रेरक कामाला लागतो. माझा गट पटकन सुटायचा. "त्याला येवरी घाई कनाला? थोरा धरून ठेव, मंग सोर," ती म्हणायची. तिचं ऐकायचं नाही, एवढं मी ठरवलेलं. मी ती बाजू सैलच ठेवली आणि दुसऱ्या बाजूला अवजड गट बसवून धातूला आडोसा केला. किती चंबू फुकट गेले! पण यंदा एक जमला. चपळही, आणि संध्याकाळपर्यंत हिरवाही.

ती तेव्हा हॉस्पिटलात होती. मी मुद्दाम फोटो घेऊन गेले. तिला एकदा तरी माझा हेवा वाटावा, एवढंच मला हवं होतं. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. "माज्यापेक्षा भारी हाय गो," म्हणाली, आणि नर्सला बोलावून कौतुकाने दाखवत बसली. मी रिक्षात बसून चिडून रडले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

आमची नायट्रोजन भरलेली एक काचपेटी आहे. आत हात घालायला रबरी हातमोजे पेटीलाच जोडलेले असतात. ते जयवंतीच्या मापाचे, कारण तीच तिथे जास्त बसायची. तिचे पंजे मोठे. माझ्या बोटांपुढे टोकं रिकामी लोंबतात, पूड उचलायचा स्पॅचुला निसटतो. "लहान मागवू या का?" परवा सरांनी विचारलं.

नको म्हटलं. त्या मोज्यांत हात घातला की मला अजून तिचा राग येतो, आणि राग येतो तेवढा वेळ ती शेजारी असते.