व्हर्नाची मोडलेली बोटं

व्हर्ना लिंडक्विस्टने आमच्या काउंटीच्या तुरुंगात एकवीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं. कोठड्यांतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि तारीखवार फोल्डरांत लावायचं, हे तिचं काम. माझं टेबल तिच्या समोरच.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तिने एक फाइल उघडली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी मागे जाऊन पाहिलं. सार्जंट डॉइल हॅस्केट टेडी कोव्हॅचचं डोकं लोखंडी बाकावर आपटत होता. टेडीचे हात मागे बांधलेले. व्हर्नाने मोजलं, अकरा वेळा. दारू पिऊन रस्त्यात पडला म्हणून आदल्या रात्री कोठडीत टाकलेला हा लाकूडतोड्या त्याच पहाटे इस्पितळात मेला होता. कागदावर कारण होतं, 'पाय घसरून'.

दुपारी हॅस्केट आला आणि त्याने दार लावून घेतलं.

"पुसून टाक ते."

"नाही पुसणार."

"म्हातारे, पेन्शनला दोनच वर्षं राहिलीत ना? कशाला मरतेस?"

"तू माणूस मारलास, डॉइल."

तिचा उजवा हात उघड्या ड्रॉवरच्या कडेवर होता. हॅस्केटने ड्रॉवरवर लाथ घातली. हाडं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी धावले, तर त्याने मला भिंतीवर भिरकावलं. व्हर्नाला केस धरून खुर्चीतून खाली खेचलं आणि माऊस स्वतः घेतला. पडद्यावर टेडीच्या नावाचं फोल्डर समोरच दिसत होतं. ते त्याने कचऱ्याच्या टोपलीत ओढलं आणि टोपली रिकामी केली.

"संपलं! एवढ्यासाठी बोटं मोडून घेतलीस, मूर्ख बाई!"

तो गेल्यावर व्हर्ना जमिनीवरूनच म्हणाली, "त्या फोल्डरच्या कोपऱ्यात बाण होता, दिसला तुला? नुसता शॉर्टकट होता तो, खऱ्या फोल्डरकडे न्यायची खूण. खरं फोल्डर तारखेच्या फोल्डरात आहे."

"आधी डॉक्टरकडे चल."

"आधी हे."

डाव्या हाताने चाचपडत तिने एकेक फोल्डर उघडलं. कीबोर्डवर रक्त ठिबकत होतं. चित्रण पेन ड्राइव्हवर उतरलं तेव्हा कुठे ती रडली. मी तिला गाडीत घालून थेट सरकारी वकिलाकडे नेलं.

हॅस्केटला अठरा वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या आठवड्यात कुणीतरी व्हर्नाच्या घराच्या खिडकीतून वीट फेकली, काचेने कपाळ फाटलं. सोमवारी ती टाके घेऊनच कामावर आली. अर्ध्या ऑफिसने तिच्याकडे पाठ फिरवली. मी माझी खुर्ची उचलून तिच्या शेजारी नेऊन ठेवली.