पिंजऱ्याचा नारळ

चाकणच्या आमच्या शेडमध्ये रोबोंच्या कुस्त्यांसाठी पिंजरा तयार होता, पण विमा कंपनीच्या माणसाने पास केल्याशिवाय रविवारचे सामने होणार नव्हते. तो आला तोच हेल्मेट घालून. पिंजऱ्याच्या जाड प्लॅस्टिकच्या भिंतीवर कलिंगड पारखावं तशा टिचक्या मारत फिरला.

"नारळ फोडला का?"

"नाही."

"मग तपासायचं काय, राव?"

ज्याचा आखाडा त्यानेच फोडावा, म्हणून आम्ही नारळ आत एका रोबोच्या पात्यासमोर ठेवला आणि दार लावून बाहेरून रिमोटने पातं फिरवलं. करवंटी गोळीसारखी भिंतीवर आदळली. भिंतीला ओरखडासुद्धा नव्हता, साहेब मात्र माझ्यामागे उकिडवे बसले होते.

पँट झटकत तो उठला. "पास! पब्लिकचा विमा होईल."

आत पातं अजून गरगरत होतं, भोवती खोबरं पसरलं होतं.

"फक्त प्रसाद गोळा करायला जो आत जाईल, त्याचा नाही."