उचलायची मांडणी

कुणाच्याही घरी गेली की माझी आत्या बसायच्या आधी खुर्ची हलवून बघायची. घरातले "बसा, बसा" म्हणत असायचे आणि ही खुर्चीची पाठ धरून तिला पुढेमागे डोलवत उभी. खुर्ची जागची हलली नाही तर बसायची. डगमगली तर तिथंच उलटी करायची, पर्समधून छोटा पेचकस काढायची आणि सैल झालेले स्क्रू आवळायला लागायची. चहापाणी त्यानंतर. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही मुलीकडे गेलो, तेव्हा तर तिनं त्यांचं टीपॉयच उलटं केलं. वहिनीचे वडील अस्सल पुणेकर. ते शांतपणे म्हणाले, "अहो, आमच्याकडे पाहुण्यांना पोहे देतात, काम नाही देत." आत्या मान वर न करता म्हणाली, "पोहे यावरच ठेवणार ना? मग थांबा जरा." तरीही लग्न जमलं. ते टीपॉय अजून हलत नाही, असं वहिनी सांगते.

आत्या मूळची वर्ध्याकडची. नोकरीसाठी पुण्यात आली आणि मुलींच्या आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवता शिकवता इथलीच झाली. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेल्यासारखं. येरवड्यातल्या एका जुन्या कॉलनीत ती दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. लिफ्ट नव्हती. निवृत्त झाल्यावरही कुणाचा नळ गळतोय, कुणाची कडी बसत नाही, कुणाच्या कुकरचं हँडल निखळलंय, असे निरोप यायचे आणि ही खांद्याला हत्यारांची खाकी पिशवी अडकवून निघायची. कॉलनीत तिला सगळे पाना मॅडम म्हणत. तिची भाषा आता बरीचशी पुणेरी झाली होती, पण रागावली किंवा फार मनापासून बोलायला लागली की वर्धा बाहेर यायचं.

हत्यार ती कुणालाही उसनं द्यायची नाही. "माणूस उसना मिळेल, पाना मिळणार नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर. म्हणजे मला बोलवा, मी येते, पण माझी पक्कड एकटी तुमच्या घरी राहायला येणार नाही. बरं, ती पिशवी उचलायलाही कुणाला द्यायची नाही. एकदा जिन्यात मी तिच्या खांद्यावरून पिशवी काढून घ्यायला गेले, तर तिनं माझा हात असा झटकला की मी दोन पायऱ्या मागे झाले. "ज्याचं हत्यार त्यानं वाहावं," ती म्हणाली. मला तेव्हा रागच आला होता. एवढा कसला तोरा, असं वाटलं होतं.

त्याच पिशवीनं तिला पाडलं. समोरच्या इमारतीचा जिना उतरताना पिशवी खांद्यावरून घसरली, तिच्या ओझ्यानं आत्या एका बाजूला ओढली गेली आणि उजव्या मनगटावर आपटली. मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी बजावलं की या हातानं आता जड उचलायचं नाही. दादाला तेवढंच हवं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, वारज्याला त्याचा मोठा फ्लॅट, लिफ्ट, खाली बाग, आत्यासाठी वेगळी खोली. तो तिला न्यायलाच आला होता. तिला म्हणाला, "आता पुरे झालं एकटं राहणं. आणि ती हत्यारं देऊन टाकू कुणाला तरी."

"त्यापेक्षा मलाच देऊन टाक कुणाला तरी," आत्या म्हणाली.

दादा वाईट नव्हता. ती पडली त्या दिवशी ससून हॉस्पिटलच्या बाकावर बसून तो रडला होता, हे मी बघितलं होतं. तिचा फोन एका रिंगमध्ये उचलला गेला नाही की तो लगेच मला फोन करायचा. मी हातातलं काम टाकून तिकडे धावायचे. पण त्या घरातून आणि त्या कामातून काढलेली आत्या वारज्याच्या बागेत नुसती बसून काय करेल, हेही मला दिसत होतं. ती बाकांचे स्क्रू तपासेल, मग वॉचमन तिला हटकेल, आणि मग ती खोलीतून बाहेरच यायची नाही. ओढाताण झाली ती माझी. मी जवळच खराडीला नोकरीला आणि राहायलाही तिकडेच, त्यामुळे संध्याकाळी तिच्याकडे डोकावणारी मीच होते.

शेवटी आत्यानंच अट घातली. "पिशवी चूक होती," ती म्हणाली. "सगळं एकात कोंबलेलं, सगळा भार एका खांद्यावर. मी मांडणी करते. हत्यारं ठेवायची आणि उचलून न्यायचीपण. ती घेऊन मी हा जिना एकदा उतरून पुन्हा चढले तर इथंच राहीन. नाही जमलं तर येते वारज्याला, आणि हत्यारांचं नाव काढणार नाही."

दादानं हो म्हटलं. मनगट बघता तिला जमणार नाही, याची त्याला खात्री होती.

मांडणी म्हटल्यावर मला स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी आठवली. तिच्याही डोक्यात तीच होती. "ताट कुठं, वाटी कुठं, हे अंधारातसुद्धा हाताला कळतं ना? तसंच पाहिजे," ती म्हणाली. शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजचं खोकं तिनं मागून आणलं आणि आधी पुठ्ठ्याचीच मांडणी केली. घराच्या छपरासारख्या दोन उतरत्या बाजू, खाली बूड, वर धरायला दांडा. मग हत्यारं चादरीवर पसरून ती मांडणीसमोर पाटावर बसली आणि डोळे मिटले. मी कामाचं नाव घ्यायचं, तिनं हात पुढे करायचा. मी म्हणायची, "नळ गळतोय." हात जिथं जाईल तिथं मी पेनानं खूण करायची आणि त्या जागी पान्याचं भोक पडायचं. "बिजागरी कुरकुरते." तिथं पेचकस. चुकून मी म्हटलं, "दादा आलाय," तर हात सरळ हातोडीच्या जागी गेला. आम्ही दोघी बराच वेळ हसलो.

तिचे नियम ठरलेले होते. जड ते खाली, रोजचं ते हाताशी, धार आतल्या अंगाला. दांड्यासाठी तिनं स्वयंपाकघरातलं जुनं लाटणं घेतलं, कारण त्याची जाडी तिच्या मुठीच्या ओळखीची होती. मग पोळ्या कशानं लाटणार, असं मी विचारलं. "मी तशीही भाकरीच खाते," ती म्हणाली.

प्लायवूड दुकानातूनच मापानं कापून आणलं. स्क्रू घ्यायला आम्ही बोहरी आळीत गेलो. तिनं मूठभर स्क्रू काउंटरवर ओतले आणि एकेकाचे आटे नखानं तपासायला लागली. दुकानदार बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, आपण स्क्रू घ्यायला आलात की त्यांची परीक्षा घ्यायला?"

"दोन्ही. हे चार नापास."

त्यानं ते चार बदलून दिले. परत येताना ती मंडईत थांबली, गवारीची शेंगन् शेंग मोडून बघितली, आणि भाजीवालीनं तिला जे काही ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

भोकं मी पाडली, ड्रिल माझ्या हातात आणि तोंड तिचं. "काहून इतकी दाबून राह्यली? त्याचं काम त्याले करू दे." कडा घासल्या, पॉलिश केलं, आणि एका शनिवारी मांडणी तयार झाली. खरंच देखणी झाली होती. पाने उतरत्या क्रमानं, पकडी जोडीनं, कानशी आपापल्या खोबणीत, टेस्टर सगळ्यात वर. आत्यानं शेवटचा पेचकस त्याच्या जागी घातला, पदर खोचला, डाव्या हातानं लाटणं धरलं आणि उचललं.

मांडणी वीतभर वर गेली आणि खाली आली. तिनं दोन्ही हात लावले. उजवं मनगट कळवळलं, तिचं तोंड वाकडं झालं, आणि मांडणी पुन्हा खाली आली. मी उचलून बघितली, तर मलाच ती दारापर्यंत नेताना धाप लागली. प्रत्येक हत्याराला जागा मिळाली होती. कारण एकालाही आत्यानं 'तू नको' म्हटलं नव्हतं. आयुष्यभर मुलींना 'आधी वजनाचा विचार करा' म्हणून शिकवणारी ही बाई ऐन वेळी तेवढंच विसरली होती.

ती पलंगाच्या कडेवर बसली. मी म्हटलं, काही हत्यारं कमी करू. तिनं एक कानस काढली, हातात फिरवली आणि परत ठेवली. "आज काढली अन् उद्या लागली तं?" मी म्हटलं, चाकं लावू. "चाकाले जिना चढता येते काय?" डोळ्यांदेखत काहीतरी संपत चाललंय, असं वाटून मला भडभडून आलं, आणि तिला दिसू नये म्हणून मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या रविवारी दादाला बोलाव. मीच सांगते त्याला काय ते."

तो आठवडा मी तिच्याकडे फिरकले नाही. तिला बांधाबांध करताना बघायची माझी तयारी नव्हती.

रविवारी दादा आणि मी बरोबरच जिना चढलो. तो कुठल्याशा बारशाला जाऊन आला होता, अंगात पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट. दार उघडंच होतं. घरात बांधाबांध काही नव्हती. मांडणीच्या जागी दोन मांडण्या उभ्या होत्या. छपराच्या दोन बाजू आत्यानं डाव्या हातानं स्क्रू काढून वेगळ्या केल्या होत्या, प्रत्येकीला खाली स्वतःचं बूड, वर स्वतःचा दांडा. एकीला लाटणं होतंच. दुसरीचा दांडा नवा होता, कानशीनं घासून गुळगुळीत केलेला आणि बराच जाड.

आत्यानं लाटण्याची मांडणी डाव्या हातात घेतली, उजवा हात कठड्यावर ठेवला आणि सावकाश जिना उतरली. मग तशीच चढून वर आली. थोडी दमली होती, पण मनगटाला काही झालं नव्हतं. मी दादाकडे बघितलं. त्यानं शब्द दिलेला होता, आता मागे घेता येत नव्हता.

पण तो वाकून नीट बघायला लागला. "आत्या, या एकीनं काम कसं होणार? पाने यात आहेत आणि पाईप पाना त्यात. हातोडी इथं, छिन्नी तिथं. टेस्टर इकडे, पक्कड तिकडे. रोजचं सगळं एकीत घे ना. वाटणी चुकली तुझी."

"चुकली नाही. मुद्दाम केली," आत्या म्हणाली. "मी एकटीनं जिने उतरू नयेत, हेच तुझं म्हणणं होतं ना? मग ऐकलं तुझं. एकीनं कामच होत नाही. दुसरी धरायला कुणीतरी बरोबर पाहिजे." पुढचं बोलणं तिला जड गेलं, हे मला दिसत होतं, कारण उभ्या जन्मात तिनं ते कुणाला म्हटलं नव्हतं. "समोर एकीचा नळ आठवडाभर गळून राह्यला. ती धर अन् चाल माह्यासोबत."

दादानं दुसरी मांडणी उचलली. तो जाड दांडा त्याच्या पंजात बरोबर बसला. कुणाच्या हाताच्या मापानं तो केला होता, हे मी विचारलं नाही.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली दोघं रस्ता ओलांडत होती, ती पुढे, तो पांढऱ्या शर्टात मागे. चालता चालता ती त्याला काहीतरी सांगत होती आणि तो मान डोलवत होता. किती दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं मला. मी तिथंच कठड्याला टेकून मोठ्यानं "सुटले" म्हटलं. बऱ्याच वेळानं दादा परत आला तो कोपरापर्यंत भिजलेला, शर्टावर गंजाचा हा मोठा डाग. घरात शिरता शिरता वहिनीला फोनवर सांगत होता, "जेवायला थांबू नकोस. आम्हाला अजून एका ठिकाणी जायचंय."

त्यानंतर आत्या तिच्या घरातच राहिली, शेवटपर्यंत. दुसरी मांडणी कधी मी धरली, कधी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, कधी तिच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी कुणी आली तर तिनं. रविवार मात्र दादाचा. काम निघालं की ती न संकोचता फोन करायची, "येतोस काय?" आणि तिनं फोन लगेच उचलला नाही, तर ती कुणाच्या तरी नळाखाली असेल, असं आम्ही धरून चालायला लागलो. ती गेली तीही घरातच, दुपारी, झोपेत. आदल्याच दिवशी ती आणि काकू मिळून कुणाचा तरी दरवाजा नीट करून आल्या होत्या.

दोन्ही मांडण्या आता वारज्याला दादाकडे आहेत. दादा चांगला धट्टाकट्टा आहे, त्याला दोन्ही एकदम उचलता येतात. तरीही सोसायटीत कुणाचा नळ गळायला लागला की तो मला फोन करतो, आणि मी खराडीहून जाते.