सवतीचं गिऱ्हाईक

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात तरी घेतात, सवतीचं कुठेच घेत नाहीत. एवढंच सांगते की ती अमेरिकन होती, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी होती आणि उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये, एका सिंधी शेठच्या दुकानामागच्या गॅरेजात राहायची. चार दरवाजांची, आठ सिलिंडरची, वरून सायीच्या रंगाची आणि खालून आभाळी. आमचे हे अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते. आठवड्याचे सहा दिवस कंपनीचे आणि सातवा तिचा. आता यात मी कुठे बसत होते ते तुम्हीच बघा.

सुरुवात माझ्या लग्नाच्या आधीची. गाडीचा कुठलासा बुश झिजला आणि अमेरिकेतला पार्ट काही मिळेना. तेव्हा कुणीतरी शेठना यांचं नाव सांगितलं. यांनी जेवणाच्या सुट्टीत लेथवर तसाच बुश बनवून दिला. गाडी चालू लागली आणि हे तिथेच अडकले. मी आले तोवर सगळं ठरून गेलेलं होतं. रविवारी सकाळी सातला शिवमंदिराजवळच्या आमच्या घरातून निघायचे. नाश्ता तिकडे, शेठच्या घरची डाळ-पकवान. मी केलेले पोहे झाकून ठेवलेले.

बरं, जाऊन आले की गप्प बसतील? छे! ताटावर बसले की सुरू. आज तिचा कार्बोरेटर साफ केला. आज तिच्या दाराचं रबर बदललं, अगदी मापात बसलं. एरवी तोंडातून शब्द काढायला चिमटा लागायचा या माणसाच्या. मी समोर बसून भाकऱ्या जोरजोरात थापत ऐकायचे. बाहेर दुसरी बाई असती तर चार माणसांत रडता तरी आलं असतं. गाडीसाठी कोण रडू देतंय?

एक गोष्ट तर मी अजून विसरले नाही. मुलगी झाली तेव्हा, बाळंतपणात, आईने मला एक गुलाबी सुती साडी दिली होती. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. एके दिवशी बघते तर कपाटात नाही. विचारलं, तर हे म्हणतात, "अगं, तिच्या रंगाला दुसरं कापड चालत नाही, ओरखडे येतात." साडीचे चार तुकडे करून माणूस मोकळा झाला होता! चार दिवस मी यांच्याशी बोलले नाही. यांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे.

दसऱ्याला झेंडूचं पहिलं तोरण तिला, मग आमच्या दाराला. शेठ बिचारे म्हणायचे, बायकोला एक दिवस गाडीतून फिरवून आण. हे म्हणायचे, मालकाची गाडी, आपण फक्त हात लावायचा, बसायचं नाही. मीही हट्टाने कधी बघायला गेले नाही. सवतीच्या दारात मी कशाला जाऊ?

गेल्या वर्षी शेठ गेले. मुलगा म्हणाला, दुकान पाडून बिल्डिंग होणार, गॅरेज जाणार, गाडी विकायची. मी खोटं कशाला बोलू, देवापुढे साखर ठेवली त्या दिवशी.

पण महिना गेला, दोन गेले, गाडी जागची हलेना. मग शेठच्या मुलाचा मला फोन. "काकी, काका को समझाओ ना. तीन पार्टी भगा दी उन्होंने."

झालं होतं असं की गिऱ्हाईक आलं की गाडी दाखवायला यांनाच बोलवायचे. आणि हे दोन्ही हात मागे बांधून दोष सांगत सुटायचे. पावसाळ्यात डाव्या दारातून पाणी यायचं. थंडीत तीनदा सेल मारल्याशिवाय उठत नाही. चढावर तापते. पेट्रोल म्हशीसारखं पिते. आलेला माणूस चहासुद्धा न पिता परत.

मी रात्रीच्या जेवणाला विचारलं, "अहो, हे काय चाललंय तुमचं?"

"खोटं एक अक्षर बोललो नाही," हे म्हणाले.

"मग गुण का नाही सांगितलेत?"

यांनी भात कालवायला घेतला.

शेठच्या मुलाने मला शेवटचं सांगितलं होतं, महिनाअखेर जागा रिकामी करायची. तोवर गाडी गेली नाही तर भंगारवाला बोलावून कापायची. यांनाही ते माहीत होतं, पण कानाआड करत होते. मला वाटलं, जाऊ दे कापली तर, सुंठीवाचून खोकला जाईल. पण रात्रभर डोळा लागला नाही. जिवंत सवत परवडली, मेलेली नको. मेलेलीचा फोटो भिंतीला लागतो आणि जन्मभर त्याच्याकडे बघत जेवावं लागतं. तिला चांगल्या घरी धाडणं भाग होतं, आणि ते या माणसाच्या हातून होणार नव्हतं.

पुढच्या रविवारी पुण्याहून एक जण येणार होता, जुन्या गाड्यांचा शौकीन. मी सकाळी साडी नेसून दारात उभी राहिले. म्हटलं, मी पण येते. हे बघतच राहिले.

गॅरेजचं शटर वर गेलं आणि बाई गं! इतकी वर्षं मनात जिला शिव्या दिल्या ती एवढी देखणी असेल असं वाटलं नव्हतं. लांबच लांब. बंपरमध्ये माझं तोंड दिसत होतं, घामेजलेलं, पिकल्या केसांचं. तिच्यावर मात्र एक सुरकुती नाही. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. आणि पुढच्या काचेशी नीट घडी घालून ठेवलेला माझ्या साडीचा तुकडा. अजून गुलाबी.

पुण्याचे गृहस्थ गाडीभोवती फिरले, वाकून खालून पाहिलं. यांनी हात मागे बांधले, खाकरले. "तसं बघा, पावसाळ्यात डाव्या..."

"अहो, तुम्ही थांबा जरा," मी म्हटलं, आणि तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, दादा, डाव्या दाराचं रबर गेल्या श्रावणात नवीन घातलंय, आता थेंब येत नाही. इंजिन एकदाही खोललेलं नाही. पत्र्यावर कुठेही पुट्टी नाही, हात फिरवून बघा. गिअर स्टेअरिंगलाच आहे, दुसरा टाकताना जरा स्वतःकडे ओढून घ्यायचा, मग लोण्यात सुरी. घड्याळ अजून वेळ दाखवतं. मागच्या दिव्याची उजवी काच मूळची नाही, पण शोधून दाखवलीत तर मानेन. आणि सुती कापडाशिवाय दुसरं काही लावू नका, ओरखडे येतात.

गृहस्थांनी विचारलं, "ताई, गाडी तुम्ही चालवता का?"

"मी आज पहिल्यांदा बघतेय तिला," मी म्हटलं.

त्यांनी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. शेठच्या मुलाने माझ्या पायाला हात लावला. आणि हे माझ्याकडे बघत होते. लग्नात बघितलं नव्हतं असं. क्षणभर छाती भरून आली, आणि लगेच उमगलं की ते सुद्धा तिच्यामुळेच. जळो मेलं ते बघणं!

"काकी, एक राउंड मारा ना गाडीतून, आता तरी," मुलगा म्हणाला.

"आम्हाला रिक्षा मिळते," मी म्हटलं.

रिक्षात हे कडेला बसले, हातात साडीचा तो तुकडा. त्याची घडी नीट करत म्हणाले, "तुला एवढं सगळं कसं ठाऊक?"

"अडतीस वर्षं जेवताना दुसरं काय बोललात तुम्ही?" माझा आवाज चढला. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं, बघू दे. "तिचा एकेक बोल्ट तोंडपाठ तुम्हाला. माझं काय माहीत आहे? समजा, आज माझ्यासाठी गिऱ्हाईक आलंय. सांगा बघू माझ्याबद्दल. सांगा ना!"

हे रस्त्याकडे बघत बसले. कॅम्प चार मागे पडला. मी मनात म्हटलं, संपलं, एक वाक्य नाही या माणसाकडे माझ्याबद्दल. मग यांनी खाकरून घसा साफ केला.

"डावा गुडघा गेलाय. आमचा तिसरा मजला चढताना दोनदा थांबते, आणि कुणी बघितलं तर पदर सारखा केल्यासारखं करते."

"अहो..."

"थंडीत दोन चहा झाल्याशिवाय बोलत नाही. एकदा सुरू झाली की बंद होत नाही. वांग्याने अंगाला खाज येते, तरी खाते. चष्मा लागलाय, पण लग्नाला घालून जात नाही, मग भलत्याच माणसाला नमस्कार करते. रागावली की आमटीत मीठ जास्त पडतं. झोपेत दात खाते. आईची आठवण आली की सांगत नाही, भर दुपारी कपाट आवरायला काढते."

रिक्षावाला हसायला लागला होता. मला हसू येईना. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रागही तेवढाच आला होता.

"सगळे दोषच? एक तरी गुण सांगाल की नाही माझा?"

यांनी तो गुलाबी तुकडा माझ्या मांडीवर ठेवला.

"गुण कशाला सांगू?" हे म्हणाले. "गिऱ्हाईक घेऊन जाईल ना."