पोटाकडचं कातडं

आमली गावात आमच्या खोलीपुढच्या ओट्यावर माझे वडील, आबा, टांग्याचे आणि बैलांचे साज शिवायचे. ज्या पट्ट्यावर ओढ येते तो जनावराच्या पाठीच्या कातड्यातूनच कापायचा, हा त्यांचा नियम. पोटाकडचं कातडं मऊ, दिसायला छान, पण ताण पडला की दगा देतं. पारख ते अंगठ्यानं करायचे. दाबायचे, दुमडायचे, मगच सुरी लावायचे.

त्यांच्या आरीवर मी बी.ए. झालो. शाळेत नोकरी लागली त्याच आठवड्यात ती आरी घुसल्यानं त्यांचा तोच अंगठा चिंधीत बांधलेला होता. अथालच्या टांगेवाल्याला तंग हवा होता, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा. आबा म्हणाले, "टबात पाठीचं भिजलंय, त्यातून काप. वाकवून बघ. भेग दिसली तर सोड."

टबाला घाण वास येत होता. दुसऱ्या दिवशी मला पहिल्यांदा वर्गावर उभं राहायचं होतं. मी कोपऱ्यातला पोटाकडचा कोरडा तुकडा कापला आणि ओल्या फडक्यानं पुसून तेल लावलं. रंग सारखाच दिसू लागला.

"वाकवून बघितलंस?"

"हो, आबा."

चिंधीमुळे अंगठ्याला काही कळत नव्हतं; माझ्या शब्दावर त्यांनी पितळी बक्कल लावून तो शिवला.

महिन्याभरानं टांगेवाला आला. हातात नुसतं बक्कल.

"मिस्त्री, तंग दिला होता की सुतळी? चढावर तुटला. टांगा उलाळ झाला, घोडा वर, आम्ही खाली! बायकोचं मनगट मोडलं."

"पट्टा कुठंय?"

"फेकला. ठेवून काय तोरण बांधायचं होतं?"

आबांनी हात जोडले. "चूक माझी, भाऊ. अंगठा बांधलेला असताना काम घ्यायला नको होतं."

मी दारात वह्या तपासत होतो. मान वर केली नाही.

आबांनी त्याच दिवशी नवा तंग शिवला आणि स्वतः अथालला पोचवून आले.

अंगठा बरा झाला, पण त्यावरचा त्यांचा भरवसा गेला. टबातलं कातडं त्यांनी त्याच अंगठ्यानं पारखून भिजवलं होतं, आणि तुटलं ते तेच, असं ते धरून चालले. प्रत्येक कातडं माझ्यापुढे धरायचे. "तू बघ रे. शिकलेला आहेस, तुझी नजर चुकायची नाही."

शाळेतून आलो की मी टबात कोपरापर्यंत हात घालायचो. दाबायचो, दुमडायचो. "चांगलं आहे, आबा," म्हणायचो. ते हसून सुरी उचलायचे. ते गेले तोवर हे सात-आठ वर्षं चाललं, आणि त्यातल्या एकाही दिवशी मी त्यांना त्यांचा अंगठा परत दिला नाही.