टू-स्ट्रोक विरुद्ध फोर-स्ट्रोक

आज कुडव्यात एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल निळा धूर सोडत गेली आणि त्या वासाने मला केशोरीला, माहेरच्या अंगणात नेलं. मला पाहायला आलेला मुलगा पोहे सोडून बाबांशी भिडला होता!

"काकाजी, तुमची टू-स्ट्रोक अर्धं पेट्रोल न जाळताच फेकून राहिली."

"अन् तुझी फोर-स्ट्रोक चढावर हापते, त्याचं काय?"

शेवटी दोघांनी टाक्या रिकाम्या करून सारखंच पेट्रोल ओतलं आणि गाड्या चालू ठेवल्या. अंगण धुराने भरलं. आई पुटपुटली, "गेलं स्थळ!"

बाबांची गाडी आधी बंद पडली. हरूनही त्यांचे डोळे चमकत होते, हे आता आठवतं. तेव्हा मी त्या मुलाकडेच पाहत होते.

"मले पोरगा पटला," बाबा म्हणाले. "तुले?"

मी लग्न पक्कं करायच्या सुपारीचं ताट घेऊनच उभी होते!