आठवी 'ब'चं गुपचूप उद्दिष्ट

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, परमेश्वर सोडला तर कोणावरही भरवसा न ठेवणारा माणूस नागपुरात एकच आहे, आणि तो आमच्या मिशनच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. परमेश्वराचंही मी ऐकीव सांगतो आहे.

हे आमचे गणिताचे सर. हुडकेश्वरला माझ्या घराला लागूनच त्यांचं घर, एकटे राहतात. भाजीवालीने आपणहून फुकट कोथिंबीर दिली तर सर जुडी उलगडून बघतात. माझ्या वाढदिवसाचा पेढा त्यांनी आधी मलाच खायला लावला आणि हवापाण्याच्या गप्पा मारत बराच वेळ माझ्या चेहऱ्याचा रंग न्याहाळला. कोणी नुसतं "नमस्कार सर" म्हटलं तरी यांचा प्रश्न तयार: "काहून गा? काय काम आहे?"

अशा माणसाच्या वर्गाला, आठवी 'ब'ला, आमच्या प्रिन्सिपल सिस्टरांनी यंदा उद्दिष्ट दिलं ते कोणतं, तर 'कोणाला कळू न देता मदत करणे'! नुसते गुण नकोत, शाळेचं मिशन मुलांच्या वागण्यात उतरावं, म्हणून प्रत्येक वर्गाला असं एकेक उद्दिष्ट होतं. ते साधलं की नाही हे वर्षाखेरीस वर्गशिक्षकाने सांगायचं. न साधलेलं पुढच्या वर्षी रद्द. "सिस्टर, लपवलेलं मोजाचं कसं?" सरांनी तिथेच विचारलं. सिस्टर हसल्या. त्या हसण्याचाही सरांना संशय आला.

मग काय, सर व्हरांड्यात दिसले की पोरं धडाधड कागद उचलायची. एकाने तर वर्गमित्राचं जड दप्तर इतकं गुपचूप उचललं की त्याने "चोर, चोर" म्हणून बोंब ठोकली. "दिसली ते सेवा बाद!" सर गरजायचे. मार्चपर्यंत अख्खा वर्ग बाद होता.

एप्रिलात सरांचा गुडघा आखडला. बादल्या उचलून कूलर भरणं जमेना. आणि एका संध्याकाळी चर्चमधल्या प्रार्थनेहून येऊन बघतात, तर खिडकीबाहेरच्या कूलरची टाकी काठोकाठ! दुसऱ्या दिवशीही तेच.

"चोर आहेत," सर माझ्या कानात कुजबुजले. "घराची पाहणी करून राहिले."

"कूलर भरून?"

"हेच तं! कोणाले शक येत नाही."

पुढच्या संध्याकाळी प्रार्थना बुडवून आम्ही माझ्या कंपाउंडच्या भिंतीआड दबा धरला. सर स्टुलावर, मी उकिडवा. पलीकडे फाटक करकरलं. बादल्या घेऊन आठवी 'ब'ची पोरं-पोरी आत शिरली. एक मुलगी बाकीच्यांना दबक्या आवाजात झापत होती, "आवाज नको करा बे! सर पाहतीन तं बाद करतीन!"

मी हाक मारणार, तोच सरांनी माझ्या तोंडावर हात दाबला. पोरं गेली तरी सर स्टुलावरून उठेनात.

"आता सिस्टरांना सांगून टाका," मी म्हटलं.

"सांगतलं तं त्यायची नावं फळ्यावर लागतीन. मंग गुपचूप काय राहिलं?"

वर्षाखेरीच्या शिक्षकसभेत आठवी 'ब'ची पाळी आली. "साधलं," सर म्हणाले. आम्हा सगळ्यांचे चहाचे कप हातातच राहिले.

सिस्टरांनी चष्मा सारखा केला. "कोणी केली मदत? कोणाला? काही पुरावा, सर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. कान लाल झाले, डोळे भरले, आणि दुखऱ्या गुडघ्यावर ते ताडकन उभे राहिले.

"पुरावा काहून मागून राहिल्या, सिस्टर? माणसानं माणसावर जरासा विश्वास ठेवावा का नाही!"